कोंबडी, कुंडी आणि वाकळ

(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी त्यांना कळवलं की या विषयावर बोलणारे आपल्या तुकडीतच चौघे आहेत आणि ते चौघेही माझ्यापेक्षा जोरात बोलतात. मी कोंबड्यांवर बोलते. ग्रुपवर बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग एक अंगठा आला. त्या अंगठ्याच्या भरवशावर मी इथे उभी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कराड सोडल्यावर इंजिनिअरिंग केलं, आणि गेली बावीस-तेवीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसाचे नऊ तास मी ज्या गोष्टींवर काम करते त्यांना हात लावता येत नाही, वास घेता येत नाही, आणि दोन वर्षांनी त्या मोडीत निघतात. घर गावाबाहेर आहे, रो-हाउस. मागे पंचवीस बाय अठरा फुटांचं अंगण. त्यात सध्या सहा कोंबड्या, वांग्याची बारा झाडं, एक कढीपत्ता, एक शेवगा आणि चिक्कार अळू. आत खोलीत आईच्या अर्धवट वाकळी. पुण्यात तिला गोधडी म्हणतात. आईसमोर तसं म्हटलं तर ती दुरुस्त करते.

हे सगळं सुरू झालं २०२० मध्ये. वडील आदल्या वर्षी गेले होते आणि आई चार दिवसांसाठी म्हणून पुण्याला आली ती टाळेबंदीत अडकली. आठवत असेल, त्याच सुमाराला कोंबडीतून करोना होतो अशी अफवा पसरली होती. भाव असे कोसळले की पोल्ट्रीवाल्यांवर पक्षी फुकट वाटायची वेळ आली. आई टीव्हीवर ते बघत बसायची. तिचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. 'हो', 'नको', 'जेवले' एवढंच. एक दिवस बातम्या बघता बघता म्हणाली, "एवढी फुकट देत्यात, तर चार आणायची की." वाक्य पूर्ण होतं, त्यात क्रियापद होतं, म्हणून मी ते गांभीर्यानं घेतलं. जूनमध्ये सहा आठवड्यांची पाच पिल्लं आणली, गिरिराज जातीची. ही जात बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं परसातल्या पालनासाठी तयार केलेली. दिसायला गावरान, अंगानं दणकट, आणि अंडी गावरानपेक्षा बरीच जास्त.

खुराडं मी आणि नवऱ्यानं मिळून केलं. चार बाय सहा फूट, जमिनीपासून दोन फूट वर, सगळीकडून वेल्डेड जाळी. कोंबडीची साधी जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. आमच्याकडे मुंगूस आहे, दोन बोके आहेत आणि दुपारी वर घार फिरते. आत बसायला आडवा बांबू, कारण कोंबडी रात्री जमिनीवर झोपायला राजी नसते. खाली शेंगांची टरफलं आणि लाकडाचा भुसा. आईनं पाहणी केली आणि एकच शेरा दिला : "कडी आतनं लागंल अशी नगं, मुंगूस हुशार असतंय." मग दोन कड्या लावल्या.

इथे मी जरा इंजिनिअरसारखी बोलणार आहे, सहन करा. कोंबडीला एक अंडं तयार करायला साधारण चोवीस ते सव्वीस तास लागतात. त्यातले जवळजवळ वीस तास नुसत्या कवचाचे. म्हणजे आज सकाळी आठला अंडं दिलं तर उद्या नऊला, परवा दहाला, असं ते पुढे पुढे सरकत जातं आणि दुपार उलटायला लागली की बाई एक दिवस सुट्टी घेतात आणि पुन्हा सकाळपासून सुरू. आमच्या कामाच्या तारखाही अशाच सरकतात, फक्त आमच्याकडे शेवटी अंडं निघेलच याची खात्री नसते. कवच बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं. ते बनतं रात्री, जेव्हा कोंबडी काही खात नाही. मग कॅल्शियम येतं कुठून? थोडं पोटातल्या अन्नातून, आणि कमी पडलं तर स्वतःच्या हाडांतून. त्यासाठी तिच्या हाडांच्या पोकळीत एक वेगळा साठाच असतो. म्हणून शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी द्यायचा. हे मी वाचून आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, आम्ही अंड्याची टरफलं भाजून, चुरून दिवेलागणीला टाकायचो. का टाकायचो ते नव्हतं ठाऊक, पण वेळ तीच.

दिवस लहान व्हायला लागले की अंडी कमी होतात, हेही तिला ठाऊक होतं. कोंबडी प्रकाश मोजते. भरपूर अंड्यांसाठी तिला चौदा-सोळा तास उजेड लागतो, आणि आपल्याकडे भर जूनमध्येसुद्धा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. मोठ्या पोल्ट्रीत दिवे लावतात ते यासाठी. मी लावत नाही. थंडीत त्या पिसं गाळतात, नवी घालतात, विश्रांती घेतात. वर्षातून दोन महिने अंगावर नवे कपडे चढवत नुसतं बसायचं, ही सोय मला कुठल्याही कंपनीनं दिलेली नाही, निदान त्यांना तरी असावी.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून मी खरं तर हा विषय घेतला, ती.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण, नाव घेऊ नको म्हणाली आहे, आज ती समोर बसली आहे, इथून जवळच्या वस्तीवर राहते. चाळीस-एक कोंबड्या आहेत तिच्याकडे, अस्सल गावरान. शाळेचा ग्रुप झाला तेव्हा आमची पंचवीस वर्षांनी गाठ पडली. २०२२ च्या थंडीत माझी एक कोंबडी खुडूक झाली. खुराड्याच्या कोपऱ्यात फुगून बसायची, हात लावला की गुरगुरायची, अंडी बंद. खुडूक मोडायची असेल तर गावाकडे कोंबडीला पाण्यात बुडवून काढतात. आई म्हणाली, "बसायची तर बसू दे, तिला आंडी घाल." पण माझ्याकडे कोंबडा नाही, म्हणजे माझ्या अंड्यांतून पिल्लू निघणार नाही. मैत्रिणीनं अकरा अंडी दिली. विषम संख्येतच ठेवायची, हा आईचा दंडक. भुशात, टोकाची बाजू खाली करून कराडहून पुण्याला आणली, एक दिवस तशीच स्थिर ठेवली आणि रात्री अंधारात कोंबडीखाली सरकवली.

एकवीस दिवस. कोंबडी दिवसातून एकदा उठते, खाते, पाणी पिते, एक प्रचंड घाण करते आणि परत बसते. अंडी चोचीनं सतत उलटीपालटी करते. शेवटचे तीन दिवस ती उलटवणं थांबवते, कारण आत पिल्लू बाहेर पडायच्या तयारीत असतं. कॅलेंडर तिच्याकडे नसतं. विसाव्या दिवशी अंडं कानाला लावलं की आतून चिवचिव ऐकू येते, आणि कोंबडी बाहेरून हळू आवाजात उत्तर देते. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. तिनं त्या दिवशी शाळेला जायला साफ नकार दिला आणि माझ्या मते तिचं बरोबर होतं.

नऊ पिल्लं निघाली. बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेलं पिवळं बलक पोटात ओढून घेतं, त्यामुळे पहिले दोन दिवस त्याला खायला मिळालं नाही तरी चालतं. एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून शेकडो मैल पाठवता येतात, तो सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. मुलीनं नऊही जणांना नावं ठेवली. आई म्हणाली, नावं ठेवू नको. मुलगी म्हणाली, का? आई काही बोलली नाही.

दहाव्या आठवड्याच्या आसपास तुरे लाल व्हायला लागले आणि कळलं की नऊपैकी चार नर आहेत. यात आश्चर्य काहीच नाही, अंड्यातून निम्मे नरच निघणार. तिसरा महिना संपताना पहिल्यानं बांग दिली, पहाटे सव्वाचारला. आठवड्याभरात चौघेही द्यायला लागले. सोसायटीकडून 'पाळीव पक्ष्यांच्या आवाजाबाबत' असं पत्र आलं. शेजारच्या काकांना झोपेची गोळी घ्यावी लागते, त्यांची तक्रार मला रास्त वाटली. चार कोंबडे एका अंगणात राहणारही नव्हते. ते एकमेकांना रक्त येईपर्यंत मारायला लागले होते.

आणि इथे आम्हा हौशी लोकांचं पितळ उघडं पडतं. शहरात कोंबड्या पाळणारे आम्ही जे काही लोक एकमेकांच्या ओळखीचे आहोत, त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी लिहितो : 'सुंदर, निरोगी कोंबडा, चांगल्या घरी द्यायचा आहे.' चांगलं घर म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं आणि असं घर कुणालाही माहीत नसतं. ज्यांना आपण मोठ्या पोल्ट्रीबद्दल नावं ठेवतो, तिथेही प्रश्न हाच आहे. अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि अंगही धरत नाही, म्हणून तो पहिल्याच दिवशी मारला जातो. जर्मनीनं २०२२ पासून त्यावर बंदी घातली आहे. तिथे अंड्यातच नर-मादी ओळखायची यंत्रं आली आहेत. आपल्याकडे दुकानातलं अंडं घेताना याचा विचार कुणी करत नाही. गावात मात्र हा प्रश्नच कधी नव्हता. कोंबडा पाहुण्यासाठी असतो, यात्रेसाठी असतो, बाजारासाठी असतो, आणि एक राखायचा असतो.

आई मला म्हणाली, "कोंबडा कशाला असतो त्ये पोरीला सांगून टाक. न्हाईतर तू कायतरी गोड सांगशील आन् तिला उद्या कळंल." मी सांगितलं. आमच्या घरात मटण-चिकन खाल्लं जातं, लपवण्यासारखं काही नव्हतं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आपण दुकानातलं खातो, मग आपलंच का नको?" प्रश्न मला नीट उत्तर देण्यासारखा वाटला नाही, म्हणून मी दिलं नाही.

आम्ही चौघे कोंबडे घेऊन मैत्रिणीकडे आलो. मुलगी स्वतःहून गाडीत बसली, डालगं मांडीवर धरून. वस्तीवर उतरल्यावर तिनं मैत्रिणीला सरळ विचारलं, "मावशी, यांचं काय करणार?" मैत्रीण म्हणाली, "एक ठेवीन, चांगला अंगापिंडाचा आहे त्यो. तीन यात्रेला जातील." शब्द फिरवला नाही, आवाज मऊ केला नाही. मुलीनं कुठला ठेवणार ते विचारलं आणि त्या एकाचं नाव मावशीला सांगितलं. परतीच्या वाटेवर खंबाटकीचा घाट येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी खोटं नाही बोलली." त्या दिवसापासून तिनं चिकन खाल्लेलं नाही. अंडी खाते. आम्ही बाकीचे खातो. एकाच टेबलावर दोन्ही चालतं, आणि आई तिच्यासाठी वेगळा बटाट्याचा रस्सा करते, तक्रार न करता.

त्या दिवशी मुलगी कोंबड्यांमागे फिरत होती तेव्हा आम्ही दोघी ओट्यावर बसलो आणि मैत्रिणीनं मला जे सांगितलं ते मला तीन वर्षं शेजारच्या बाकावर बसूनही माहीत नव्हतं. तिची वह्या-पुस्तकं, फी, एसटीचा पास हे सगळं तिच्या आईच्या कोंबड्यांवर चालायचं. अंड्याला रुपया-दीड रुपया मिळायचा. घरात बाकीचा पैसा वडिलांच्या हातात, कोंबड्यांचा मात्र आईच्या. दहावीच्या वर्षी दिवाळी झाल्यावर वस्तीवर मानमोडी आली. राणीखेत म्हणतात तो हाच रोग, कुमाऊंमधल्या राणीखेतचं नाव त्याला आपल्या देशात पडलं. मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, हिरवी हगवण, आणि काही दिवसांत खुराडं रिकामं. बावीसपैकी एकोणीस गेल्या. आणि बोर्डाच्या फॉर्मची तारीख तोंडावर.

फॉर्म भरला गेला. पैसे कुणी भरले ते तिला आजपर्यंत कळलेलं नाही. कार्यालयात गेली तेव्हा 'तुझे भरलेत' एवढंच सांगितलं. इथे समोर बसलेल्या सर-बाईंपैकी कुणाला माहीत असेल तर असेल. तिनं मला सांगितलंय की विचारू नको, फक्त सांग की तिचा फॉर्म भरला होता आणि ती पास झाली होती. ते सांगितलं.

मला राहून राहून खटकलं ते वेगळं. मानमोडीवर लस तेव्हाही होती, स्वस्त होती, आजही आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात नाहीतर नाकात, पुढे आठव्या आठवड्यात आर-टू-बीची सुई पंखाखाली. पण बाटली येते शंभर पक्ष्यांची किंवा त्याहून मोठी. ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. ज्या बाईकडे बावीस कोंबड्या आहेत ती बाटली आणत नाही. ज्या इंजिनिअर बाईकडे सहा आहेत तीही आणत नाही. पुण्यात आम्ही यावर उपाय काढला होता : वीस किलोमीटरच्या आतली अकरा घरं, एक तारीख, एक थर्मास, एक गाडी. सकाळी सातला पहिल्या घरी बाटली कालवायची, नऊच्या आत शेवटचं घर. कुणाकडे कधी किती पिल्लं निघाली याची एक साधी यादी मी ठेवते, तारीख जवळ आली की सगळ्यांना निरोप जातो. सॉफ्टवेअर म्हणावं इतकंही ते नाही. मैत्रिणीला मी हे ओट्यावर बसूनच सांगितलं. ती म्हणाली, आमची घरं तर हाकेच्या अंतरावर आहेत, आम्हाला गाडी कशाला? आता तिच्या वस्तीवर चौदा घरं मिळून लस करतात. यादी ती वहीत ठेवते. माझ्या यादीपेक्षा तिची वही चांगली चालते, कारण जी बाई येत नाही तिच्या दारात ती स्वतः जाऊन उभी राहते.

हौस आणि पोट यातलं हे अंतर मी विसरू नये म्हणून हिशोब लिहिते. एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. खाद्य, शिंपले, लस, भुसा, आणि खुराड्याचा खर्च दहा वर्षांत वाटला, तर माझं एक अंडं मला बाजारातल्या गावरान अंड्यापेक्षाही महाग पडतं. तेव्हा 'घरची अंडी किती स्वस्त' असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आणि 'तपकिरी अंडं जास्त पौष्टिक' यावर तर अजिबात नको. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. बलकाचा गडद रंग मका, पालेभाजी, झेंडूच्या पाकळ्या यांतून येतो. मी दसऱ्यानंतर सोसायटीतली तोरणं गोळा करून आठवडाभर घालते आणि पाहुणे 'वा, अस्सल गावरान!' म्हणतात. ताजं असतं, चवीला चांगलं असतं, आणि कुठल्या कोंबडीचं ते मला ठाऊक असतं. एवढं मला पुरतं.

जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला तेव्हा सगळ्यांचे फोन आले, काढून टाक म्हणून. नियम असा आहे की जिथे रोग सापडतो तिथून एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवतात. आम्ही खूप लांब होतो. तरी दीड महिना कोंबड्या खुराड्याबाहेर सोडल्या नाहीत, वर ताडपत्री टाकली, आत जायच्या चपला वेगळ्या ठेवल्या. आई रोज सकाळी पाचही मोजायची आणि मोठ्यानं आकडा सांगायची. तिचं बोलणं तोवर पूर्ण परत आलं होतं, आता थांबवायची पंचाईत आहे.

बागेबद्दल थोडक्यात सांगते. कोंबडीचं खत गरम, म्हणजे त्यात नत्र फार; थेट घातलं तर रोप जळतं. ते पाल्यात मिसळून कुजवायचं. मार्चमध्ये सोसायटीत पानगळ जाळायचे, ती मी मागून घेते. रसवंतीवाल्याकडून चिपाडं आणते. उसाच्या चिपाडावर गच्चीत भाज्या करायचं तंत्र मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी कितीतरी आधी दाखवून दिलं होतं. आणि आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर! गणिताचे प्राध्यापक, पण 'प्रयोग परिवार' काढून त्यांनी साध्या शेतकऱ्यांना आपापल्या शेतात प्रयोग करायला, मोजायला आणि एकमेकांना कळवायला लावलं. गणिताचा माणूस पानावर पडणारं ऊन मोजतो, ही कल्पनाच मला आवडते. आपल्या गणिताच्या सरांनी आम्हाला वर्गाची फरशी मोजायला लावली होती, ती आठवते.

वांगी माझी कृष्णाकाठची, बी इथलंच. वांग्याचा शेंडा सुकून मान टाकतो तेव्हा आत अळी असते. औषध मारायचं नाही, शेंडा खुडायचा आणि कोंबड्यांपुढे टाकायचा. त्या अळी काढून खातात, अगदी शेंग सोलावी तशा. पण कोंबड्यांना वाफ्यात मोकळं मात्र सोडायचं नाही. पाच मिनिटांत सगळी रोपं उकरून वर. सध्या आमच्या बागेला कुंपण आहे आणि कोंबड्यांनाही कुंपण आहे, मधल्या पट्ट्यात मी असते.

आता वाकळ. आईची दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, सुईत दोरा मी ओवून देते. रात्री जेवणं झाल्यावर दहा-बारा सुया ओवून टोचणीला लावून ठेवायच्या, म्हणजे तिला दुसऱ्या दिवशी कुणाची वाट बघावी लागत नाही. वडिलांची धोतरं आणि तिची जुनी लुगडी यांचे थर, बाहेरच्या काठापासून आत आत जाणारा धावदोरा. एका वाकळीला दोन-अडीच महिने लागतात. मी रविवारी तिच्यासमोर बसून दुसऱ्या टोकाकडून शिवते. माझा टाका पाहून तिनं विचारलं, हा कुठं शिकलीस? मी म्हटलं, शाळेत.

कार्यानुभवाच्या बाई, तुम्ही आज आलात याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे. आठवीत तुम्ही आमच्याकडून पांढऱ्या रुमालावर धावदोरा, टीप, हेम, साखळी, गहू टाका करून घेतलात. मुलांना पण करायला लावलंत, तेव्हा मागच्या बाकांवर केवढा हलकल्लोळ झाला होता. परीक्षा जवळ आली की तुमचा तास इतर विषयांना जायचा आणि तुम्ही मुकाट्यानं देऊन टाकायचात. मागच्या पटांगणात कडुनिंबाशेजारी तुमचे वाफे होते, मेथी आणि मुळा. आमच्या गटाच्या मुळ्याला पहिला नंबर मिळाला होता.

त्या पटांगणाबद्दलच मला शेवटचं बोलायचं आहे, आणि ते काही जणांना आवडणार नाही. आपली तुकडी शाळेला भेट म्हणून मागच्या पटांगणात पेव्हर ब्लॉक बसवून देणार आहे. चिखल होतो, गाड्या लावायला जागा नाही, हे सगळं मी सकाळी फिरून पाहिलं, खरं आहे. वर्गणी मीही दिली आहे. माझी विनंती इतकीच की कडुनिंबापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंतचा जो तीस बाय चाळीस फुटांचा तुकडा आहे, तिथे ब्लॉक घालू नका. मुख्याध्यापकांशी मी सकाळी बोलले, त्यांची हरकत नाही. तुकडीनं ठरवायचं आहे, असं ते म्हणाले. ब्लॉक कमी लागले तर उरलेल्या पैशांत पाण्याचा एक नळ आणि एक टिकाव-फावड्याचा संच होईल. देखभाल कोण करणार, हा प्रश्न ग्रुपवर येईल, म्हणून आत्ताच सांगते : मैत्रिणीनं महिन्यातून दोन शनिवार यायचं कबूल केलंय, तिची वस्ती इथून सायकलच्या अंतरावर आहे. मी तीन महिन्यांतून एकदा येईन. आणखी चार नावं हवी आहेत. जेवणानंतर मतदान घ्या, माझ्या विरोधात गेलं तरी मी वर्गणी परत मागणार नाही.

मागच्या टेबलावर पाकिटं ठेवली आहेत. वांग्याचं बी, अंबाडीचं, आणि मैत्रिणीच्या परसातला वाल घेवडा. घेवडा पाऊस सुरू झाल्यावर लावा, आधी नको. बी राखेत घोळलेलं आहे, तेव्हा पाकीट साडीवर झटकू नका.